डीपीचा पंचम

एम.टेक.ची नियमावली सदतीस पानांची होती आणि लतिकाला ती जवळजवळ तोंडपाठ झाली होती. देवासजवळच्या सबस्टेशनवर ती सहायक अभियंता. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तिच्या डोक्यात शिकायचं खूळ शिरलं, तेव्हा प्रवेशाच्या अटी वाचूनच दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. बी.ई.ला साठ टक्के हवे होते. तिला साठ पूर्णांक दोन होते, म्हणजे उंबरठ्याच्या आत जेमतेम पाऊल. दोन वर्षांच्या नोकरीचा दाखला लगेच मिळाला. कार्यालयाच्या ना-हरकत पत्राला साहेबांची काहीच हरकत नव्हती, फक्त सहीला सवड नव्हती. त्यात आठ महिने गेले. मुलाखतीत एकाने विचारलं, "मॅडम, अब इस उमर में क्यों?" लतिका म्हणाली, सर, वयाची अट नियमावलीत नाही, मी दोनदा वाचलीय. तिला प्रवेश मिळाला.

आत शिरणं एकवेळ सोपं, पदवी घेऊन बाहेर पडणं कठीण. सगळे पेपर दहापैकी साडेसहाच्या सरासरीने सुटायला हवेत, तोंडी परीक्षा व्हायला हवी, आणि प्रवेशापासून पाच वर्षांच्या आत प्रबंध मान्य व्हायला हवा. नाहीतर नोंदणी आपोआप रद्द. हा 'आपोआप' शब्द लतिकाला फार लागे. पाच वर्षं ड्यूटी संपवून वर्गात बसायचं, लेकीचा, चिऊचा, अभ्यास घेता घेता स्वतःचा करायचा, आणि शेवटी कुणी रागावणारसुद्धा नाही. आपोआप.

पेपर सुटले, तोंडी झाली. राहिला प्रबंध आणि राहिले सहा महिने.

प्रबंधाचा विषय तिच्या मातीतलाच होता. वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते. या आकड्याला वारंवारिता म्हणतात. विजेची मागणी फार वाढली की चढावर बैलगाडी मंदावते तशी ती पन्नासाच्या खाली येते. नव्वदच्या दशकात माळव्यात गव्हाच्या हंगामात सगळ्यांचे पंप एकदम सुरू व्हायचे, तेव्हा ती किती खाली जाई, याचं गणित लतिकाने मांडलं होतं. गणित देखणं होतं. पण ते खरं ठरवायला त्या काळचे मोजलेले आकडे हवेत, आणि ते आकडे ज्या जुन्या तक्त्यांत होते, त्यांवर वाळवीने आपली पदवी पूर्ण केली होती.

तिचे मार्गदर्शक अंशुल सर तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, हुशार आणि प्रेमळ, पण डेटा म्हटलं की कसायासारखे. ते म्हणाले, "लतिका जी, बिना डेटा के ये थीसिस नहीं है, निबंध है." तीस जून ही शेवटची तारीख आहे, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

फेब्रुवारीत ती सतवासला गेली. सुभद्राआत्याचं वर्षश्राद्ध होतं. आत्या म्हणजे लतिकाच्या वडिलांची, मोरोपंतांची थोरली बहीण. सत्त्याऐंशी साली तिचे पाय गेले, ती मुलाकडे सतवासला राहायला आली आणि माहेरच्या अमझेऱ्याच्या दत्तमंदिरातली गुरुवारची आरती तिला अंतरली. त्या देवळात मोरोपंत तंबोऱ्यावर पदं म्हणत. त्यांनी बहिणीसाठी एक रिवाजच पाडला. दर गुरुवारी आरती कॅसेटवर भरायची आणि शुक्रवारी बसच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. इंदूरच्या स्टँडवर तो ती सतवासच्या कंडक्टरकडे सोपवी. कॅसेट परत पाठव, तिच्यावरच पुढची भरू, असं मोरोपंत सांगून थकले. आत्याने एकही परत केली नाही.

जेवणं झाल्यावर आत्याच्या सुनेने, इंदूवहिनीने ट्रंक उघडून दाखवली. "देखो ना लतिकाताई, सासूबाईंनी कशा जपल्यायत. तीनशे बारा उरल्यात, मी मोजल्या." मग तिने जुन्या टेपवर एक लावली.

खरखरीतून नानांचा आवाज आला. वडिलांना लतिका नाना म्हणे. तो आवाज तिने अठ्ठावीस वर्षांत असा ऐकला नव्हता. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला नाना बहिणीला संकल्प सोडावा तशी शके, संवत्सर, मास, तिथी आणि वर घड्याळातली वेळ सांगत, म्हणजे ताईला आपण देवळातच बसलो आहोत असं वाटावं. मग घंटा. मग तंबोरा. लतिकाचे डोळे भरून आले.

इंदूवहिनीने दुसरी लावली. पहिली वैशाखातली होती, ही पौषातली. पुन्हा तिथी, पुन्हा घंटा, पुन्हा तंबोरा. आणि लतिका ताठ बसली. काहीतरी हललं होतं. पहिल्या कॅसेटमध्ये घंटा आणि तंबोरा यांच्यात जे अंतर होतं, ते या कॅसेटमध्ये नव्हतं. लहानपणी नानांच्या मांडीवर बसून तिचा कान घडलेला, ती यात फसणार नव्हती. घंटा तर तीच, देवळात आजही टांगलेली. ती एवढी चढत नाही, उतरत नाही. म्हणजे तंबोराच दर वेळी वेगळ्या सुरात लागलेला होता. नानांसारख्या माणसाचा?

मग तिला खिडकी आठवली. तंबोरा लावण्याआधी नाना देवळाच्या उत्तरेकडच्या खिडकीला कान देऊन डोळे मिटत. लहानपणी तिला वाटे, ते देवाला नमस्कार करतात. पण देव पश्चिमेला होता. उत्तरेच्या खिडकीबाहेर, भिंतीपासून चार हातांवर, डीपी होती. दोन खांबांवरचा गावाचा ट्रान्सफॉर्मर, रात्रंदिवस घुमणारा.

ट्रान्सफॉर्मरचं घुमणं वारंवारितेच्या बरोबर दुप्पट असतं. हे लतिका रोज नोकरीत ऐकत होती आणि परीक्षेत लिहीत आली होती. पन्नास असेल तर शंभर, अठ्ठेचाळीस असेल तर शहाण्णव. आणि पांढरी एक या नानांच्या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याची पहिली तार, पंचमाची, याच शंभराच्या आसपास बोलते. नाना पंचम डीपीकडून घेत होते. म्हणजे त्या ट्रंकेत नुसत्या आरत्या नव्हत्या. नऊ वर्षांची वारंवारिता होती, गुरुवारच्या गुरुवार, तिथी आणि वेळेसकट. टेप हळू चालो की जलद, घंटा आणि तंबोरा दोन्ही सारखेच बदलणार, त्यांचं गुणोत्तर तेवढंच राहणार. घंटा आज मोजली की सगळे आकडे हातात.

ती ट्रंकेसमोर बसूनच राहिली. आपण पाच वर्षं जे शोधत फिरलो, ते आपल्या बापाने एका पांगळ्या बहिणीसाठी जमवून ठेवलं होतं, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. इंदूवहिनीने विचारलं, पाणी देऊ का. लतिका म्हणाली, ट्रंक दे.

अंशुल सरांनी सगळं ऐकलं, मग नियमावली काढली. कलम एकतीस. प्रबंधात वापरलेल्या प्रत्येक मापन-उपकरणाची अचूकता सिद्ध करावी, आणि मागणी झाल्यास ते उपकरण परीक्षकांसमोर हजर करावे. "आपका इन्स्ट्रुमेंट कौन सा है?" त्यांनी विचारलं. तंबोरा म्हणून भागणार नव्हतं. तो लावणारा कान हेच उपकरण होतं, आणि ते अमझेऱ्याला राहत होतं, वय वर्षं एकोणऐंशी.

लतिका अमझेऱ्याला गेली. नानांनी अंगणात बसून सगळं ऐकून घेतलं. ते चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "लते, कान गेला माझा. शहाण्णव सालीच गेला."

त्या दिवशी तीही देवळात होती, तेरा वर्षांची. दत्तजयंती होती. देवासहून एक नावाजलेले पेटीवाले पाहुणे म्हणून आले होते. देऊळ गच्च भरलेलं. नानांनी पहिलं पद उचललं आणि पेटीवाल्यांनी हात थांबवला. पांढरी एकची पट्टी तीनदा दाबून दाखवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पंत, आज कान घरी ठेवून आलात की काय?" लोक हसले. नानांनी खिडकीकडे पाहिलं, तंबोऱ्याकडे पाहिलं, आणि तसंच पुढे गायले. पेटी एकीकडे, ते एकीकडे. ती सांजची आरती अजून गावात कुणीकुणी चवीने सांगतो. दुसऱ्या दिवशी नानांनी तंबोऱ्यावर गवसणी चढवली, ती परत काढली नाही. कॅसेट मात्र सतवासला पाठवली. बहिणीपासून त्यांनी कधी काही लपवलं नव्हतं.

"तुम्ही सांगितलं का नाही, सूर डीपीकडून घेतला म्हणून?"

"काय सांगू? दत्तापुढे बसून विजेच्या खांबाकडे सूर मागतो, म्हणून? त्यांनी मला वेड्यात काढलं असतं." मग जरा थांबून ते म्हणाले, "आणि डीपीचा काय दोष? ते लोखंड. ते कसं उतरेल? उतरलो मी."

अठ्ठावीस वर्षं हा माणूस असं समजून जगला होता. वारंवारिता वरखाली होते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ज्या मुलीला ते ठाऊक होतं, तिला खिडकीचं गुपित ठाऊक नव्हतं. एकाच घरात दोन अर्धी सत्यं इतकी वर्षं जेवत-खात होती.

लतिकाने लगेच सांत्वन केलं नाही. त्या दिवसाचा आकडा तिने अजून काढला नव्हता, आणि नुसत्या बोलण्याने नानांचं समाधान झालं नसतं. ती म्हणाली, "नाना, मला तुमच्या कानाचं प्रमाणपत्र पाहिजे. कलम एकतीस आहे. नाही मिळालं तर पाच वर्षं पाण्यात जातील."

नानांनी अंगणातल्या तुळशीकडे पाहिलं. मग म्हणाले, तारा जुन्या झाल्या असतील, नव्या आण.

तीन दिवस ते चाललं. लतिकाने खिडकीत मीटर लावलं, लॅपटॉप ठेवला, आणि त्यांचे पडदे नानांकडे पाठ करून वळवले. नाना खिडकीला कान देत, डोळे मिटत आणि पहिली तार पिळत. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. डीपीचा सूर हल्ली फारसा हलत नाही, म्हणून ती मधूनमधून एका स्पीकरवर उतरलेले सूरही वाजवी, कुठला ते न सांगता. नानांना तो स्पीकर मुळीच आवडला नाही. "डीपीला जीव आहे, याला नाही," ते कुरकुरले. पण तार लावून दिली.

तिने विचारलं, जुळलं हे तुम्हांला कळतं कसं? नाना म्हणाले, "दोन सूर जवळ आले की त्यांच्यामध्ये लाट उठते. वँव वँव करते. आणखी जवळ न्यावं, लाट मंद होते. मग एक क्षण असा येतो की लाट निवते. तिथे हात काढायचा. त्याच्या पुढे एक केसभर गेलं की ती परत उठते."

लतिकाच्या तिसऱ्या पेपरात हे दीड पानाचं समीकरण होतं. तिला त्यात शंभरापैकी एकसष्ट गुण होते.

चाळीस वेळा तार लागली. चाळीस वेळा लतिकाने नानांचा आकडा मीटरच्या आकड्याशेजारी लिहिला. शेवटी तिने फरकांची बेरीज केली. तिने पुन्हा केली. शंभरामागे एक दशांश इतकीही चूक एकदासुद्धा नव्हती. तिच्या सबस्टेशनवरचं मीटर याहून वाईट होतं, आणि त्याला दर वर्षी तपासणीचा शिक्का मिळत होता. एकोणऐंशी वर्षांच्या या म्हाताऱ्याला दारावरची घंटा ऐकू येत नव्हती, पण तारेवरची लाट निवताना ऐकू येत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते गवसणीची नाडी सोडवत बसले होते. देवासमोर उभं राहिल्यावरही तिला इतकं लहान वाटलं नव्हतं.

"पास का?" नानांनी विचारलं.

"विशेष प्रावीण्य," ती म्हणाली. त्यांचा विश्वास बसला नाही हे तिला दिसलं. आजचा कान चांगला असेल, शहाण्णवचं काय, असं त्यांच्या मनात होतं. तिच्याही मनात तेच होतं.

मार्च आणि एप्रिल तिने कॅसेटी ऐकण्यात घालवले. थंडीत घंटा किंचित चढते, त्याचाही हिशेब धरला. तीनशे बारांपैकी दोनशे सत्याऐंशी वापरता आल्या. आकडे कागदावर मांडत गेली तसा नऊ वर्षांचा माळवा उलगडत गेला. पावसाळ्यात सूर वर, गहू पेरले की खाली, होळीनंतर पुन्हा वर. तिच्या गणिताने काढलेली रेघ आणि नानांच्या तंबोऱ्याने काढलेली रेघ हातात हात घालून चालत होत्या.

शेवटची कॅसेट तिने शेवटी ठेवली होती. शके एकोणीसशे अठरा, धातानाम संवत्सर, मार्गशीर्ष पौर्णिमा, सायंकाळचे सहा. घंटा, तंबोरा, पेटीचा तीनदा वाजलेला सूर, मग हसणं. आकडा आला अठ्ठेचाळीस पूर्णांक एक. सगळ्या दोनशे सत्याऐंशींत सर्वांत खालचा. आजूबाजूच्या गुरुवारांपेक्षा पुष्कळ खाली. एक तर त्या संध्याकाळी वीज खरोखरच तेवढी पडली होती, नाहीतर पाहुणे म्हणाले तेच खरं होतं. अंशुल सर म्हणाले, शंका असेल तर गाळा, एका आकड्याने काय बिघडतं. गाळला असता तर कुणाला कळलंही नसतं. लतिकाने दोन दिवस विचार केला आणि ठेवला. जो कान बाकी सगळीकडे खरा धरायचा, तो याच एका दिवशी खोटा का धरायचा, एवढंच तिने सरांना लिहून कळवलं.

सव्वीस जूनला प्रबंधावरची अंतिम तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कलम एकतीसप्रमाणे उपकरण हजर करायला सांगितलं होतं. म्हणून नाना धुतलेलं धोतर नेसून, तंबोरा घेऊन अमझेऱ्याहून देवासला आले होते आणि प्रयोगशाळेत एका स्टुलावर बसले होते. बाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला, मग लतिकाकडे वळल्या.

अंशुल सरांनी तेव्हा एक प्लास्टिकची पिशवी काढली. वाळवीने सोडलेले तक्त्यांचे काही तुकडे त्यांना मार्चमध्येच मिळाले होते. त्यातल्या अकरा तारखा लतिकाच्या कॅसेटींशी जुळत होत्या. त्यांनी ते तिच्यापासून मुद्दाम लपवून ठेवले होते, आधी पाहिले असते तर ती परीक्षा उरली नसती. लतिकाला क्षणभर त्यांचा राग आला आणि लगेच त्यांच्याविषयी आदर वाटला.

बाई तारीख वाचत, लतिका प्रबंधातला आकडा सांगे, मग बाई तक्त्यावरचा. एकोणपन्नास पूर्णांक दोन. एकोणपन्नास पूर्णांक दोन. अठ्ठेचाळीस पूर्णांक आठ. अठ्ठेचाळीस पूर्णांक नऊ. असे दहा झाले. कुठेही एक दशांशापेक्षा जास्त फरक नाही.

"चौबीस दिसंबर छियानवे, शाम छह बजे," बाई म्हणाल्या.

मार्गशीर्ष पौर्णिमा. लतिकाने प्रबंधाचं पान उलटलं. "अडतालीस पॉइंट एक," ती म्हणाली.

बाईंनी तुकडा उजेडाकडे धरला. कडा खाल्लेल्या होत्या, पण निळ्या शाईची रेघ शाबूत होती, खोल दरीत उतरलेली. त्यांनी चष्मा काढून पुन्हा पाहिलं. "अडतालीस पॉइंट एक." मग त्यांनी पेन उघडून मान्यतेच्या कागदावर सही केली, चार दिवस शिल्लक असताना. म्हणाल्या, तीस वर्षांत असं उपकरण पाहिलं नाही.

लतिकाला आनंद व्हायला हवा होता, तो झालाही. पण ती आधी स्टुलाकडे गेली आणि नानांसमोर उकिडवी बसली. त्यांना हिंदीतलं बोलणं नीट ऐकू आलं नव्हतं. तिने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, की दत्तजयंतीला त्या संध्याकाळी वीजच उतरली होती. गव्हाला पाणी चाललं होतं, सगळे पंप सुरू होते. आणि वीज उतरते तेव्हा एकट्या अमझेऱ्याची उतरत नाही. सगळ्या तारा एकमेकींत गुंतलेल्या असतात. माळवा, गुजरात, महाराष्ट्र, गोवा, जिथेजिथे म्हणून डीपी होती, त्या प्रत्येक डीपीचा सूर त्या क्षणी तेवढाच उतरला होता. आणि त्या सगळ्यांशी तुमचा तंबोरा केसभरही न चुकता जुळलेला होता.

नानांनी हे ऐकलं. ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते, पण भिंत पाहत नव्हते. मुंबईपासून अमझेऱ्यापर्यंत कितीएक खांब, आणि सगळे एका सुरात. त्यांची बोटं तंबोऱ्याच्या भोपळ्यावर फिरत होती.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे, नाना."

"मग त्या दिवशी बेसूर कोण होतं?"

"पेटी," लतिका म्हणाली. "एकटी पेटी."

नाना हसले नाहीत. त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, मान वळवून कोपऱ्यातल्या प्रयोगाच्या ट्रान्सफॉर्मरकडे कान दिला, आणि पहिली तार पिळायला घेतली.